झुल्यावरचा जवाई

“तुह्या माहेरच्या मंडईत प्रीतमले झुल्यावर जाऊ देऊ नोको वो बाई,” माझी सासू रेवताबाई म्हणाली होती. “तिथं तो जवाई हाये. जवायाले दरडावता येत नाई.”

मी रंजूच्या डोक्याला तेल लावत होते. मला हसूच आलं. “आई, ते काय पाहुणचाराले चालले का? कामाले चालले.”

“तेच तं सांगून राहिली. आमच्या मासोळीच्या सोसायटीनं एकदा तळ्यावर राखणदार म्हणून गावचाच जवाई ठेवला होता. त्याचे साळे दिवसाढवळ्या जाळं टाकत, अन् हा पाळीवर बसून त्याईच्याच घरचा चहा पिये. मासोळी सारी गेली, पण त्याच्या तोंडातून साधा ‘ए’ निघाला नाई.”

मी आणखी हसले. आई हसते म्हणून रंजूही हसली. “हासा,” सासू म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दिवसा दुकानं आणि दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. या मंडयांच्या मागे झुलेवाले फिरतात. माझा नवरा प्रीतम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत त्यांच्यातला एक. एरवी आम्ही ढिवर, तळ्यातले मासे धरणारे. पावसाळ्यात तळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडली की मासा धरण्याजोगा होईपर्यंत हात रिकामेच असतात, म्हणून तो भैयाजी नावाच्या मालकाकडे कामाला जायचा. भैयाजीकडे आकाशपाळणा होता, लहान मुलांची आगगाडी होती आणि एक नाव. ही नाव तुमच्याही गावच्या जत्रेत आली असेल. दोन्ही टोकं वर वळलेली, लाल-पिवळ्या रंगाची, माणसांनी भरली की झोके घेत आभाळाकडे जाणारी. ती प्रीतम चालवायचा. “ढिवराच्या पोट्ट्याले कोरड्यात नाव हाकायले लावलं,” असं भैयाजी सगळ्यांना सांगत फिरायचा.

ती चालते कशी, ते मी पहिल्याच वर्षी बघून घेतलं होतं. मला सगळं बघून ठेवायची सवय आहे. रंजू झाल्यापासून तर जास्तच. कुठला खिळा वर आला, कुठल्या हंड्यात पाणी भरलेलं आहे, कुठल्या कुत्र्याला पिल्लं झाली, सगळं. नावेच्या पोटाखाली एक टायर फिरत असतं. दांडा ओढला की ते वर येऊन नावेला घासतं आणि तिला पुढे लोटतं. नाव टायरवरून जाईल त्या क्षणालाच दांडा ओढायचा, म्हणजे झोका चढतो. थांबवतानाही तसंच. टायर बंद करून थोडं थोडं टेकवायचं, सोडायचं, परत टेकवायचं. एकदम दाबलं तर नाव हिसका खाते आणि बसलेल्यांची तोंडं समोरच्या नळीवर आपटतात.

पण हातापेक्षा मोठं काम तोंडाचं होतं. आंधळगावच्या मंडईत मी त्याला पहिल्यांदा काम करताना पाहिलं आणि हा माझाच नवरा का, असं वाटलं. घरात चहा सांडला तरी स्वतःच पुसून घेणारा माणूस तिथे पाय रोवून उभा होता आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होता. “ए लाल शर्ट! बूड टेकव! ए, तुले सांगून राहिलो, आंधळा हायेस का? बस, नाई तं उतर!” लाल शर्टवाला त्याच्या दुप्पट होता. तरी बसला.

घरी आल्यावर मी विचारलं, “एवढं कसं ओरडता तुम्ही?”

“तिथं मी कोणाचा कोणी नसतो ना,” तो भाकर मोडत म्हणाला. “नाव विचारत नाई, गाव विचारत नाई. नाव विचारलं का मंग आवाज बसते.”

मला त्याचा तो आवाज आवडला होता. खरं सांगायचं तर त्या आवाजाच्या जवळ मला बिनधोक वाटायचं, आणि तसं मला फार कुठे वाटत नाही.

माझं माहेर लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या पलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ झालं आहे. मी लाखांदूरच्या कॉलेजातून बी.ए. केलं, एसटीने येऊन-जाऊन. लग्न ठरलं तेव्हा गावात बोललं गेलं, की सुंदरबाईनं शिकलेली पोरगी झुलेवाल्याले देली. सुंदरबाई म्हणजे माझी माय. बाबा गेल्यावर तिने मला आणि माझ्या धाकट्या भावाला, हेमराजला, एकटीनं वाढवलं. त्यामुळे गेल्या वर्षी भैयाजीने माझ्या माहेरची मंडई धरली तेव्हा मला आनंदच झाला. लोकांनी त्याला काम करताना बघावं, तो आवाज ऐकावा, असं वाटलं. प्रीतम एकदा म्हणाला, “मी त्या दिवशी आगगाडीवर राहू का? नाव दुसरा कोणी पाहील.” मी म्हटलं, “काहून? लाज वाटते का?” तो उठून पिशवी भरायला लागला.

आम्ही आदल्या दिवशीच पोहोचलो. मंडईच्या सकाळी प्रीतमने पाना घेऊन नावेचा एकेक बोल्ट तपासला, रिकामी नाव झुलवून पाहिली. मी रंजूला कडेवर घेऊन तिकिटाच्या टेबलाजवळ उभी होते. दुपारी माणसं जमायला लागली तशी माझी माय आली. हातात ताट, ताटात कुंकू, नारळ, नवा दुपट्टा. मागे पाच-सहा बाया आणि गावातले पुंडलिकराव, आमच्या घरचे मोठे म्हणून.

“माय, आत्ता नाही, काम चालू आहे,” मी म्हटलं.

“तू थांब वो. जवाईबापू पहिल्यांदाच आपल्या मंडईत आले, अन् ओवाळू नाई का?”

तिने तिथेच, नावेच्या कठड्याच्या आत, सगळ्या जत्रेसमोर प्रीतमला कुंकू लावलं. खांद्यावर दुपट्टा टाकला. तो वाकून तिच्या पाया पडला. लोक टाळ्या वाजवायला लागले. प्रीतम लाजून लाल झाला होता, आणि मी, आता लिहिताना अंगावर काटा येतो, मी खूश होते.

तेवढ्यात पुंडलिकराव म्हणाले, “अरे, जवाई उभा हाये अन् आपण काय पाहून राहिलो? खुर्ची आणा रे!”

मंडपातली लाल प्लास्टिकची खुर्ची आली.

“नाई मामाजी, हे काम उभ्यानंच करा लागते,” प्रीतम म्हणाला.

“कोणत्या शाळेत शिकवलं असं? दांडा तं बसल्यानंबी हातात येते.” पुंडलिकरावांनी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तो उठला. त्यांनी परत बसवलं. “बसा हो. आमच्या गावाची इज्जत घालवता का? सासरच्यायनं जवायाले दिवसभर उभं ठेवलं म्हणतीन लोक.”

तो बसला. एका हातात दांडा, खांद्यावर दुपट्टा, कपाळावर कुंकू. त्याच्यापुढे चहा आला, मग भज्यांची प्लेट. मंडईला आलेले पाहुणे येऊन त्याचे हात हातात घेत. “सुंदरबाईचे जवाई का? बरं बरं.” आता सगळ्यांना त्याचं नाव माहीत होतं आणि त्याला सगळ्यांची नाती. नावेत चढणारा प्रत्येक जण त्याचा मामासासरा, चुलतसाळा, नाहीतर मेव्हणी होती. मी त्याचं तोंड बघत होते. तो म्हणत होता, “बसून घ्या ना जी. जरा सरकून बसता का, मावशी?” लोक त्याच्या बोलण्याचं कौतुक करत होते. किती साधा जवाई.

खुर्चीत बसल्यावर पलीकडचं टोक कठड्याआड जात होतं. तो मान उंच करून बघायचा. दोनदा उठला, दोनदा कोणीतरी बसवलं.

ऊन उतरल्यावर हेमराज आला. माझा भाऊ तेव्हा एकवीस वर्षांचा. सकाळी तळ्यात जाळं टाकून, मंडईसाठी मासे विकून, आंघोळ करून नवा पांढरा शर्ट घातलेला. मागे मित्रांचं टोळकं. ते सगळे नावेच्या पलीकडच्या टोकाला गेले, जिथे झोका सगळ्यात उंच जातो, आणि नाव हलायला लागताच उभे राहिले.

“हेमराजभाऊ, बसून घ्या ना,” प्रीतमने हाक दिली.

“काय जिजाजी, झुला चालवून राहिले का पाळणा?” हेमराज वरून ओरडला. “जोर लावा ना! आमची ताई जेवाले देत नाई का?”

सगळी जत्रा हसली. माझी मायही पदर तोंडाला लावून हसली. साळ्याने जिजाची मजा करायची आणि जिजाने हसून सोसायची, याला आमच्याकडे कोणी वाईट म्हणत नाही. उलट न केली तर नातं आटलं म्हणतात. प्रीतम हसला.

“बसा जी, हात जोडतो,” तो म्हणाला.

“हात जोडले तं दांडा कोण धरन?” दुसरा एक जण. परत हशा.

मी पाहिलं की प्रीतमने टायर बंद केलं आहे आणि तो नाव हळूहळू थांबवायला बघतो आहे, कोणाला न दुखवता. पण मित्र पाय मारून नाव स्वतःच झुलवत होते. हेमराजने नळीवरचा एक हात सोडला. मी पुढे धावले. माहेरच्या मोठ्या माणसांसमोर नवऱ्याला नावाने हाक मारायची मला सवय नव्हती, म्हणून माझ्या तोंडातून भावाचंच नाव निघालं, “हेमराज! बस खाली! बस!”

त्याने मला पाहिलं. हसला. आणि बहिणीला हात दाखवायला म्हणून दुसराही हात उचलला.

तो पाठीवर पडला, कठड्याच्या लोखंडी कोपऱ्यावर.

खुर्ची उलटून मागे गेल्याचं मला आठवतं. प्रीतम उभा होता. सगळे हेमराजकडे धावले, माझी माय, पुंडलिकराव, तिकिटवाला. मी रंजूचं तोंड छातीशी दाबून तिथेच थिजले होते, म्हणून मला दिसलं. प्रीतम दांड्याशीच उभा होता. नावेत अजून पंधरा-वीस माणसं होती, बाया होत्या, पोरं होती, सगळे एका बाजूला ओरडत उठत होते. त्याने एकदम दाबलं असतं तर आणखी दोन-चार जण फेकले गेले असते. दांडा सोडून धावला असता तरी तेच. तो टेकवत होता, सोडत होता, टेकवत होता. आणि आता त्याला आवाज फुटला होता. “बसा! सगळे बसा! हलू नका!” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ओरडत होता. माझा भाऊ, एक पाय वेडावाकडा झालेला, त्याच्यापासून चार हातांवर पडलेला होता. नाव थांबेपर्यंत त्याने तिकडे पाहिलं नाही.

नाव थांबली, माणसं उतरली, तेव्हा लोकांनी हेमराजला जीपमध्ये टाकून लाखांदूरला नेलं होतं. तिथून भंडारा, मग नागपूर. जीव वाचला. कमरेखालचं गेलं.

गावात एक वाक्य फिरलं, ते माझ्यापर्यंत आलंच: साळा पडला, पण जवाई जागचा हलला नाही. त्याच्या तोंडावर मात्र कोणी काही म्हटलं नाही. एक शब्द नाही. नागपूरहून हेमराजला घरी आणल्यावर आम्ही गेलो, तेव्हा मायने अंगणात पाय धुवायला गरम पाणी ठेवलं होतं. जवायासाठी कोंबडी केली होती. प्रीतम हेमराजच्या खाटेजवळ खाली बसायला लागला, तर माय धावली. “खाली नोका बसू बापू.” आणि तिने आतून खुर्ची आणली. घरची होती ती, लाकडी. प्रीतमने तिच्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेला. मी मागे गेले. तो गोठ्याच्या भिंतीला धरून ओकत होता.

“यायनं एकदा तरी मले शिव्या देल्या पायजे होत्या ममता,” तो म्हणाला. “एकदा तरी.”

मी मायला सांगितलं. “माय, त्यांना बोल काहीतरी. रागाव.” “जवायाले कसं रागावू वो?” ती म्हणाली. “मंग तुह्यं कसं होईन?”

त्यानंतर तो बदलला. पुढच्या एका मंडईत भैयाजीने त्याला नावेवर उभं केलं, तर तो दांडा धरून नुसता उभा राहिला. पोरं उभी राहिली तरी तोंडातून आवाज नाही. भैयाजीने नाव बंद करून त्याला तिकिटावर बसवलं. घरी रंजू खाटेवर उभी राहायची. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती, उड्या मारायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे. तो मात्र तिला ‘बस’ म्हणायचा नाही. दोन्ही हात पसरून खाटेजवळ उभा राहायचा, ती थकेपर्यंत. मी ते सगळं बघत होते, पण बघून काय करायचं ते मला कळत नव्हतं. भंडाऱ्याला डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर, “मले काय झालं? झालं तं त्याले,” एवढंच. पावसाळाभर तो तळ्यावर गेला, जाळं विणलं, आपल्या आईशी दोन शब्द बोलला. सासूने मला “सांगितलं होतं” असं कधीच म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

या दिवाळीला तो म्हणाला, दूर जातो. भैयाजीकडे नाही, गडचिरोली, चंद्रपूर, पुढे छत्तीसगडपर्यंत जाणाऱ्या झुलेवाल्यांच्या एका पार्टीबरोबर. “तिथं मले कोणी वळखणार नाई.” मी थांबवलं नाही. मला वाटलं, अनोळखी माणसांत त्याचा आवाज परत येईल. पहिले काही दिवस रोज फोन यायचा. रंजूला विचारायचा, काय खाल्लं. मग दोन दिवसांआड. मग बंद. त्या पार्टीच्या मालकाला मी फोन लावला. तो म्हणाला, “बाई, तो तं कधीचाच उतरला. दुसऱ्या पार्टीत गेला म्हणतात. काम बरं करे, पण बोले नाई. झुल्यावर मुका माणूस काय कामाचा?”

पोलिसांत सांगून झालं आहे. भैयाजीने त्याच्या ओळखीच्या झुलेवाल्यांना सांगितलं आहे. सासू रोज संध्याकाळी रस्त्याच्या बाजूने तोंड करून तांदूळ निवडते.

मागच्या आठवड्यात मी माहेरी गेले. हेमराज आता खाटेवर बसून जाळी दुरुस्त करतो. माय विहिरीवर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “ताई, जिजाजीचा पत्ता लागला का?”

“नाही रे.”

त्याने जाळ्याची गाठ मारली. “त्यानं मले तीनदा म्हटलं होतं बसा म्हणून. मी आयकलं होतं. आयकून उभा राहिलो. मले वाटलं, आता चिडन, शिवी देईन, मज्जा येईन. कोणाले सांगितलं नाई मी हे. तो भेटला का सांगजो. नाई तं मीच सांगतो, फोन लावून देजो. तो काही जागचा नाई हलला म्हणतात ना, माहे दोस्त होते त्या नावेत. ते जिते हायेत.”

मी ते मोबाइलमध्ये त्याच्या आवाजात घेऊन ठेवलं आहे. ऐकवायचं कोणाला, ते मात्र सापडत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. जत्रांचे दिवस अजून संपलेले नाहीत. तुमच्या गावात, तालुक्यात झुले आले असतील तर नावेजवळ जाऊन बघा. उंच, सावळा, डाव्या भुवईवर जखमेची खूण, वय तिसाच्या आत. पोरांवर ओरडत असेल तर त्याचं ऐका, उलटून बोलू नका, आणि मग मला कळवा. गप्प असेल तर तिथून लगेच निघू नका. त्याला खुर्ची देऊ नका, जी लावून बोलू नका. जेवला का ते विचारा. नाही म्हणाला तर त्याच्यावर रागवा, चांगले मोठ्यांदा रागवा, आणि तो जेवेपर्यंत तिथेच थांबा.